परदेशात नर्सिंग शिकायचे, तर पैसा कोठून आणायचा?
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या दिवाळीनंतर लाखांदूर तालुक्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी बारावी विज्ञान झालेली, गुण बरे. एका एजंटाने इंग्लंडात बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळवून देतो म्हणून दोन लाख रुपये आगाऊ मागितले होते आणि बापाने धानाची दीड एकर बांधी गहाण टाकायची बोलणी करून ठेवली होती. आम्ही त्यांना इतकेच विचारले, की तीन वर्षांचा एकूण खर्च किती? ते एजंटाने सांगितलेच नव्हते. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या बाप-लेकीला डोळ्यांपुढे ठेवूनच.

हिशेब असा आहे. इंग्लंडात परदेशी विद्यार्थ्याला नर्सिंगच्या पदवीची फी वर्षाला वीस हजार पौंडांच्या आसपास पडते. राहणे-जेवणे धरले तर तीन वर्षांचा आकडा कोटी रुपयांच्या घरात जातो. तेथील नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सरकार मदत करते, पण ती तेथील रहिवाशांना. आपल्या मुलीला नाही. आणि आपल्याकडच्या ज्या दोन मोठ्या परदेशी शिष्यवृत्त्या आहेत, त्या पहिल्या पदवीला मिळतच नाहीत. ही गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ती आधी सांगतो.

पहिली, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 75 जागा, पदव्युत्तर व पीएच.डी.साठी. पदव्युत्तरला वयाची अट 35 वर्षे, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, आणि विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये हवे. पूर्ण फी, निर्वाह भत्ता, विमानभाडे, विमा हे सारे त्यात येते. लंडनचे किंग्ज कॉलेज या क्रमवारीत बसते; फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 साली काढलेली परिचारिकांची शाळा आज त्याच कॉलेजचा भाग आहे. दुसरी, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती. तीही पदव्युत्तर व पीएच.डी.लाच, पदवीला किमान 60 टक्के गुण लागतात. येथे आपल्या लोकांची गफलत होते ती जातीच्या दाखल्यात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या, पण दाखला केंद्राच्या नमुन्यातला व मूळ जातीचा उल्लेख असलेला लागतो. नुसते 'बौद्ध' लिहिलेला दाखला घेऊन शेवटच्या आठवड्यात तहसीलला धावणारे विद्यार्थी आम्ही दरवर्षी पाहतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे, की पहिली पदवी इथेच घ्या. सीईटी देऊन शासकीय महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंग करा, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच्यासाठीच आहे आणि उत्पन्न अडीच लाखांवर गेले तरी फ्रीशिप आहे. जी.एन.एम. झालेल्यांनी पोस्ट बेसिक करून पदवी घ्यावी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून वर्ष-दोन वर्षे वॉर्डात काम करा, मग एम.एस्सी.चा अर्ज करा. मात्र एक ध्यानात ठेवा: इंग्लंडात एम.एस्सी. केली म्हणजे तेथे नर्स म्हणून नोंद झाली असे होत नाही. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची परीक्षा आणि प्रात्यक्षिक ओस्की वेगळी द्यावी लागते. ज्यांना शिकण्यापेक्षा नोकरीच करायची आहे, त्यांना एम.एस्सी.ची गरजही नाही. नोंदणीकृत नर्सचा व्हिसा व विमानभाडे पुष्कळदा तेथील रुग्णालयच सोसते.

जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे नर्सिंगचे तीन वर्षांचे शिक्षण रुग्णालयात काम करीत करीत होते. सरकारी रुग्णालयांत फी तर नाहीच, उलट पहिल्या वर्षापासून महिन्याला हजार युरोंवर विद्यावेतन मिळते. बारावीनंतर लगेच जाण्याचा हाच एक मार्ग आम्हांला गरिबाच्या आवाक्यातला दिसतो. अडचण भाषेची. जर्मन निदान बी-1, बहुतेक ठिकाणी बी-2 पर्यंत यावी लागते, त्यात वर्ष तरी जाते, आणि क्लास व परीक्षेचा खर्च आपलाच. कर्ज काढायचेच तर यासाठी काढा, ते लाखा-दोन लाखांत भागते. केरळचे सरकार आपल्या नर्सेसना जर्मनीत पाठविण्याचा कार्यक्रम स्वतः चालवते. आपल्या शासनानेही 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याची चौकशी विद्यार्थ्यांनी स्वतः करावी, एजंटाकडून नव्हे.

कर्जाविषयी थोडे. बँका साधारणपणे साडेसात लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज बिनतारण देतात, त्यापुढे तारण मागतात. परदेशासाठी पंधरा टक्के रक्कम आपण घालायची. शिक्षण संपल्यावर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढतच असते. त्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या भंडारा कार्यालयात जाऊन शैक्षणिक कर्जाचा अर्ज मागा; तेथील व्याज बँकेपेक्षा कमी असते.

स्वतः बाबासाहेबांना 1913 साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे नोकरीच्या करारावर. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून पाच हजार उसने घेऊन ते 1920 मध्ये पुन्हा गेले. पैशाचा हिशेब त्यांनाही चुकला नव्हता.

एजंटांबाबत कायदा स्पष्ट आहे. नोकरीसाठी परदेशी पाठविणाऱ्याला केंद्राची नोंदणी लागते आणि तो तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेऊ शकत नाही. नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. शिक्षणासाठी पाठवितो म्हणणाऱ्यावर हे बंधन नाही, म्हणूनच बरेच जण आता 'शिक्षण' हा शब्द पुढे करतात.

लाखांदूरची ती मुलगी रडत परत गेली, हे आम्ही लपवीत नाही. बाप मात्र दोन दिवसांनी एकटाच आला आणि सीईटीच्या फॉर्मला कोणकोणती कागदपत्रे लागतात ते वहीवर लिहून घेऊन गेला. पुढे तिला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. बांधी त्यांच्याच नावावर आहे, यंदा तिच्यात रोवणी झाली. मुलगी रात्री मोबाइलवर जर्मन शिकते असे ऐकतो. आपल्यापैकी ज्यांना दाखले, उत्पन्नाची कागदपत्रे वा अर्ज तपासून घ्यायचे असतील, त्यांनी येत्या रविवारी सकाळी विहारात यावे. झेरॉक्ससोबत मूळ प्रतीही आणाव्यात. जयभीम!