मज्जारज्जूचा विकार : निदान आधी, उपचार वेळीच



केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावात एखाद्याचे पाय हळूहळू ताठरू लागले, लघवीवरील ताबा सुटू लागला, तर पुष्कळदा तो वाताचा विकार समजून अंगावर काढला जातो. मज्जारज्जूच्या अशा विकाराचे एक विरळ कारण म्हणजे शरीरात जन्मभर वस्ती करणारा एच.टी.एल.व्ही.-१ हा विषाणू. त्याचा या आजाराशी असलेला संबंध १९८५ साली मार्टिनिक बेटावरील रुग्णांत दिसून आला. तो आईच्या दुधातून, रक्तातून व शरीरसंबंधातून पसरतो. एका पंगतीत जेवल्याने नव्हे. बहुसंख्य बाधितांना हा आजार होतच नाही.

विषाणू समूळ नष्ट करणारे औषध आजही नाही. तथापि स्टेरॉइडने काही रुग्णांचा दाह कमी होतो, बॅक्लोफेनने ताठरपणा सैलावतो आणि नियमित व्यायामोपचाराने हालचाल टिकण्यास साहाय्य होते.

मात्र मणक्याचा क्षय व ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांचीही लक्षणे अशीच असू शकतात, आणि वेळीच उपचार झाल्यास ते बहुधा बरे होतात. विलंब झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. म्हणून सरपंच व शिक्षकांनी अशा रुग्णास अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीसाठी त्वरित पाठवावे. गावाने दाखविलेली ही तत्परता एखाद्या कुटुंबाचा कर्ता माणूस पुन्हा पायांवर उभा करू शकेल.