लाइकच्या मापाने मुलांची किंमत

(मंडळाच्या पालक सभेतील भाषणाचा मजकूर)



गेल्या गणेशोत्सवात आपल्याच एका नववीतल्या मुलीने मोदकांची रील केली. बोलता बोलता ती म्हणाली, "आई मोदक करून राहिली." इंदूरच्या कितीतरी घरांत आपण असेच बोलतो. दोन दिवसांत खाली शेरे आले. "ही कुठली मराठी?" "आधी भाषा शीक." कोणी तिच्या रंगावरही घसरले. तिने रील काढून टाकली. यंदा शनिवारच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन कर म्हटले, तर म्हणाली, "हिंदीत करते."

२००१ साली ज्या शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तिथली मुलगी मराठी बोलायला लाजते आहे. शेरे मारणारे सगळे पुण्या-मुंबईचे होते असे समजून आम्ही चरफडलो. मग नीट पाहिले, तर दोन नावे आपल्याच मंडळातल्या घरांतली निघाली.

तुलना आमच्याही लहानपणी होत असे. पण ती वर्गातल्या चाळीस जणांशी, आणि शाळा सुटली की संपायची. आता ती रात्री उशाशी असते. फिल्टर लावून गोरे केलेले चेहरे, दुसऱ्यांच्या सहली, आणि प्रत्येक फोटोखाली सगळ्यांना दिसेल असा आकडा. तो कमी पडला की मुलाला वाटते, आपणच कमी पडलो.

कंपन्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. २०२१ साली फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली. त्यांतली पाहणी कंपनीचीच होती. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितले, की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते. इतर अनेक बाबतींत मुलांना बरे वाटते, असा कंपनीचा खुलासा. तेही खोटे नसावे. आपली मुले तिथेच नाशिक-साताऱ्याच्या भावंडांशी बोलतात, म्हणून फोन हिसकावून घ्या असे आम्ही म्हणणार नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना अशी खाती ठेवायला मनाई केली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायच्या नाहीत, असे तो सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पडताळणी खरोखर व्हावी, कागदोपत्री नको, एवढेच आपल्याला खासदारांपुढे मांडायचे आहे. कारण आज बारा वर्षांचा मुलगा जन्मसाल बदलून खाते उघडतो. (कित्येक घरांत ते साल आपणच बदलून दिलेले असते, हेही इथे कबूल करू या.)

निवेदनाचा कागद दाराशी ठेवला आहे, जाताना सही करावी. त्या दोन घरांशी आम्ही स्वतः बोलणार आहोत, नावे इथे घेणार नाही. आणि शनिवारच्या सूत्रसंचालनाला आम्ही अजून दुसरे कोणी ठरवलेले नाही. मुलीने शुक्रवारपर्यंत कळवते म्हटले आहे.