उतारवयातले बिऱ्हाड



२०१३ साली मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली आणि निवृत्त मंडळी आपल्याकडे घरांची चौकशी करू लागली. मुंबईपेक्षा इथे पेन्शन पुरते, हे खरे. माझी नणंदही आली. तलासरीकडे स्वस्त जमीन आहे, असे सांगून एका दलालाने तिला भुलवले होते. मी म्हटले, "वन्सं, आधी सातबारा पाहू या." जमीन आदिवासी खातेदाराची निघाली! जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीला घेता येत नाही. नोटरीचा कागद तिथे कुचकामी. त्यातून नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले. घर घेताना भिंतीही पाहाव्यात.

शेवटी तिने स्टेशनजवळ तळमजल्यावर भाड्याने जागा घेतली. दवाखाना पायी जाण्याजोगा. अंधेरीचे घर मात्र मुलाच्या नावे केले नाही. द्यायचेच तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून द्या, असे मी तिला बजावले आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ त्या अटीवरच उभे आहे. मुलगा काही महिने तोंड फुगवून होता. गेल्या दिवाळीला आला, चार दिवस राहिला, आणि जाताना चिकूची पेटी घेऊन गेला.