शंभर दाणे

येरमाळ्यात हमरस्त्याला लागून माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे. सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या गाड्या दिवसरात्र समोरून धावत असतात. चार लोक मला कवी म्हणून ओळखतात, पण घर चालतं ते या दुकानावर. त्यामुळे सेल्समन नावाचा माणूस मी तीस वर्षं अगदी जवळून पाहत आलो आहे. तो उन्हातून येतो, रुमालानं तोंड पुसतो, हसतो आणि बॅग उघडतो. आपण 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो. तो तरीही हसतो. त्याचं हसू कुठून येतं आणि संध्याकाळी खोलीवर गेल्यावर त्या हसण्याचं काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. अशाच एका पोरामुळे ते कळलं. आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र पौर्णिमा जवळ आली होती. येडेश्वरीच्या यात्रेत आमच्या गावाचं रूपच बदलून जातं. आमराईकडे पालखी निघते, लाखो माणसं वाकून शिवारातले चुन्याचे खडे वेचतात. त्या गर्दीत खोली मिळणं कठीण. दुकानासमोर एक मोटारसायकल थांबली. पंचविशीतला पोरगा, खांद्याला बॅग, बुटावर धूळ. आत येऊन म्हणाला, "सलाम चाचा. भाड्यानं खोली मिळेल का?"

मी त्याच्याच सुरात सलाम घेतला आणि मागची खोली दाखवली. घरातून चहा आला. बोलता बोलता नाव विचारलं, तर नाव-आडनाव आपल्याकडे गावोगाव असतं तसंच. मी गोंधळलो. तो हसून म्हणाला, "आम्ही ख्रिस्ती, चाचा. नगर जिल्ह्यातले. आमच्या घरी एकमेकांना सलामच म्हणतात."

माझ्या आयुष्याची पन्नास वर्षं गेली होती आणि सलाम हा शब्द फक्त आमच्याच घरातला आहे, असं मी समजत होतो.

तो एका बियाणे कंपनीत कामाला होता. कळंब, वाशी आणि बार्शीकडचा काही भाग त्याच्याकडे. सकाळी साडेसातला गाडीला किक. फोनवर हजेरी लावायची, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कंपनीला दिसतं. मग एकेक कृषी सेवा केंद्र. मालाची मागणी घ्यायची, जुनी उधारी मागायची, न खपलेल्या मालाचं काय करायचं यावर हुज्जत घालायची. दुपारचं जेवण बहुधा एखाद्या लिंबाखाली. पुन्हा दुकानं, मग शेताच्या बांधावर शेतकऱ्यांची बैठक. रात्री नऊला खोलीवर आल्यावर दिवसभराचा अहवाल. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर तर त्याच्याकडे बघवत नसे. टार्गेट हा शब्द तो असा उच्चारी, जसा आपण तापाचा आकडा सांगतो.

रविवार मात्र त्याचा स्वतःचा. महिन्यातून एकदा तो पहाटेच्या एसटीनं सोलापूरला उपासनेला जाई. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केलं आणि पुढं सोलापुरातही शाळा, दवाखाने उभे राहिले. तिथली मंडळी जुनी आहे. बाकीच्या रविवारी तो खोलीतच बसे. बादली पालथी घालून तिच्यावर बोटांनी ठेका धरी आणि गाई. पहिल्या रविवारी माझी बायको म्हणाली, "पोरगं अभंग छान म्हणतंय." अभंगाची चाल खरीच होती. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंडळीला मराठी भजनाची गोडी लावली, ती त्याच्या आजोबांकडून त्याच्यापर्यंत आली होती.

त्याच्या कामातला एक प्रसंग रोजचा. दुकानदार चहा पाजतात आणि विचारतात, "पाहुणे, गाव कोणतं? आडनाव काय? म्हणजे कोणते तुम्ही?" आपल्याकडे हे विचारण्यात कुणाला गैर वाटत नाही. तो सांगे, ख्रिस्ती. मग दुसरा प्रश्न, "मूळचे केरळचे का?" आणि तिसरा, "तरीच! पण मराठी किती छान बोलता!"

तो हे सांगून हसत होता. मला हसू आलं नाही. कविसंमेलनात माझी कविता झाली की कुणीतरी प्रेमानं पाठीवर हात ठेवून हेच म्हणतं. माणूस चांगला असतो, हेतूही चांगला असतो. पण आपल्याच घरात आपल्याला पाहुणा म्हणून पाट मांडावा, तसं वाटतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, पुढच्या वेळी सांग त्यांना. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही मराठी ओवीत. ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली नगरहून निघालं. लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे काढून घेतली तर मराठी आत्मचरित्रात केवढी पोकळी पडेल! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे अभंग वारकरी आजही मानतात. आणि शाहीर अमर शेख तर आपल्या शेजारच्या बार्शीचे."

२०२० च्या जानेवारीत गोरोबाकाकांच्या या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या निवडीवर विरोधाचे सूरही उमटले होते. पण मी मांडवात होतो. माणसं दाटीवाटीनं बसून ऐकत होती. हे सगळं मी त्याला ऐकवलं. २०२४ मध्ये फादर गेले तेव्हा त्यानंच मला बातमी दाखवली होती.

तो शांतपणे म्हणाला, "चाचा, हे सगळं दुकानदाराला सांगत बसलो तर ऑर्डर कधी घेऊ?"

आता दोन गोष्टी सांगतो. एक माझ्या फजितीची आहे.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो म्हणाला, "चाचा, शेतकऱ्यांना वाटायला पत्रक छापायचंय. चार ओळी लिहून द्या ना." मी खूश. बसल्या बैठकीत यमक जुळवलं. एक पोतं पेरा आणि घर भरून न्या, असा त्याचा मतलब होता. त्यानं कागद वाचला, पुन्हा वाचला.

"छान आहे. पण ही शेवटची ओळ काढता येईल का?"

"का रे? तीच तर जमलीय."

"घर भरेल की नाही ते पावसाच्या हातात आहे, चाचा. मी कसं सांगू? उद्या नाही भरलं तर त्यांच्या बांधावर मलाच जायचंय."

श्रोतेहो, चाळीस वर्षं मी शब्दांशी खेळतो आहे. माझ्या ओळीवर बोट ठेवून 'हे खरं आहे का' असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. दाद देणारे भेटले, चुका काढणारे भेटले. हा प्रश्न मात्र एका विक्रेत्यानं विचारला. मी ओळ खोडली. तिच्या जागी पेरणीआधी उगवण तपासून घ्या, असं साधं वाक्य त्यानंच सुचवलं. यमक मोडलं.

दुसरी गोष्ट जूनमधली. आमच्या भागात खरीप म्हणजे आता मुख्यतः सोयाबीन. २०२० च्या हंगामात मराठवाड्यात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. ज्यांना दुबार पेरणी करावी लागली, त्यांना तो आकडा नुसता बातमीतला वाटत नाही. सोयाबीनच्या दाण्याचं साल फार नाजूक असतं. पोतं उंचावरून आपटलं, थप्पीखाली दाबलं गेलं, तरी आतला अंकुर दुखावतो. वरून दाणा टपोराच दिसतो.

कंपनीची गाडी आली तेव्हा हमाल पोती वरून फेकत होते. त्यानं ते पाहिलं. संध्याकाळी तीन लॉटमधले थोडेथोडे दाणे घेऊन तो घरी आला आणि बायकोकडे जुनी गोणपाटं मागितली. गोणपाट भिजवलं, त्यावर दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडले, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी केली. अशा तीन गुंडाळ्या आमच्या न्हाणीजवळच्या सावलीत ठेवल्या. रोज सकाळी कामावर जाण्याआधी पाणी शिंपडायचा. सातव्या दिवशी आम्ही दोघांनी उकिडवं बसून दाणे मोजले. शंभरातले निदान सत्तर उगवायला हवेत, हे सोयाबीनचं प्रमाण. पहिल्या गुंडाळीत ८१ निघाले. दुसरीत ७६. तिसरीत ५४.

त्यानं ती गुंडाळी पुन्हा मोजली. आकडा तोच.

वरच्या साहेबाला फोन लावला. मी शेजारीच होतो. पलीकडून आवाज आला, "टॅगवर सत्तर लिहिलंय ना? मग विषय संपला. पाऊस पडलाय, लोक दुकानात उभे आहेत. माल काढा." तो "बरं साहेब" म्हणाला नाही आणि वादही घातला नाही. फोन ठेवला आणि बराच वेळ पायरीवर बसला.

त्या तिमाहीचं टार्गेट पूर्ण झालं असतं तर मिळणारे पैसे त्यानं आधीच मनात खर्चून टाकले होते. धाकटी बहीण नर्सिंग शिकत होती, तिची फी भरायची होती. त्याचे वडील रोजंदारीवर. मी म्हटलं, "तू काही खोटं बोलत नाहीस. टॅग कंपनीनं लावलाय. तू नुसता गप्प राहा." सांगायला लाज वाटते, पण असा सल्ला मीच दिला. ज्यानं ओळ खोडली होती, त्यानंच.

तो म्हणाला, "चाचा, होय असेल तर होय म्हणावं, नाही असेल तर नाही, हे लहानपणापासून ऐकतोय. गप्प राहणं या दोन्हींत कुठं बसतं?"

दुसऱ्या दिवशी तो एकेका दुकानात गेला आणि सांगितलं, या लॉटची पोती बाजूला ठेवा, विकू नका. एक दुकानदार भडकला, ऐन हंगामात हा काय प्रकार म्हणून. दुसऱ्यानं त्याचा हात हातात घेतला. कंपनीनं आठ-दहा दिवसांनी तो माल गुपचूप उचलला, ना चूक मान्य केली, ना त्याला शाबासकी दिली. टार्गेट हुकलं. बहिणीच्या फीसाठी मी पैसे देऊ केले. त्यानं घेतले आणि वहीत लिहून सहा हप्त्यांत फेडले. शेवटचा हप्ता देताना माझ्याकडून वहीवर सही करून घेतली.

त्या शेतकऱ्यांना यातलं काही कळलं नाही. जे पोतं आपल्या घरी आलंच नाही, त्याचे आभार कुणी मानायचे?

पुढच्या वर्षी त्याची बदली विदर्भात झाली. निघाला तेव्हाही यात्रेचीच गर्दी होती. बायकोनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "सलाम चाची" म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत गाडी घेऊन गेला. नाताळच्या दिवशी त्याचा फोन येतो, ईदला येतो. बहीण नर्स झाली, एका दवाखान्यात लागली. टार्गेटबद्दल मी विचारत नाही.

मागची खोली आता रिकामी आहे. पण जून लागला की शेजारचे दोघं-तिघं शेतकरी घरचं बियाणं चिमूटभर घेऊन माझ्याकडे येतात. मी गोणपाट भिजवतो, दहा ओळींत दहा-दहा दाणे मांडतो आणि पाणी शिंपडतो. सातव्या दिवशी मोजतो. गेल्या जूनमध्ये एकाच्या बियाण्यातले ६२ उगवले. त्याचा चेहरा पडला. दोन-चार वाढवून सांगावेत, असं एक क्षण मनात आलं.

मी बासष्टच सांगितले. एकरी बियाणं थोडं वाढवून पेर म्हटलं. तो हिशेब करत उठला आणि घराकडे गेला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)