अळीच्या पोटातले भांडण



पहाटे हरभऱ्याच्या शेतातून चालत गेले की पायाला आंब लागते. बायामाणसे पिकावर फडके पसरून ती टिपून घेतात, पोटदुखीवर जपून ठेवतात. आंब हे हरभऱ्याचे एक हत्यार. ते आपल्याला ठाऊक आहे. पण झाडाचे दुसरे हत्यार डोळ्यांना दिसत नाही. ते चालते अळीच्या पोटात.

अळी पान खाते, घाटा खाते. त्यातली प्रथिने म्हणजे लांबच लांब माळा. माळ तशीच अंगी लागत नाही. तिचे तुकडे व्हावे लागतात. हे काम पोटातले पाचकरस करतात. ते जणू अडकित्तेच! आता अडकित्त्याच्या पात्यांत खडा अडकला तर काय होईल? कितीही जोर लावा, सुपारी कातरत नाही. झाडही असेच खड्यासारखे एक प्रथिन तयार करते. ते अळीच्या अडकित्त्यात जाऊन बसते. मग पोट भरलेले, पण अंगाला उपास. अळी बिचारी आणखी अडकित्ते करीत राहते, आणि त्यात अंगातलेच खर्ची पडते. तिची वाढ खुंटते.

हे प्रथिन बियांतही असते. कोंबडीच्या पिल्लांना कच्चे सोयाबीन घातले तर ती नीट वाढत नाहीत, याचे हे एक कारण. आपण डाळ शिजवून खातो. शिजताना ते बहुतेक मोडून जाते.

पानांची गोष्ट तर नवलाची आहे. १९७२ साली अमेरिकेत ग्रीन आणि रायन या दोघा शास्त्रज्ञांनी बटाट्याच्या व टोमॅटोच्या झाडांवर किडे सोडले. किड्यांनी पान कुरतडले, आणि न कुरतडलेल्या पानांतही हे प्रथिन साठू लागले! एका घरात चोर शिरला आणि साऱ्या आळीने कड्या लावल्या. (आळी म्हणजे गल्ली. अळी म्हणजे किडा. काना नीट पाहून वाचा.)

तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग घाटेअळी आमचा हरभरा फस्त कशी करते? अहो, माझाही केला! नोकरी संपल्यावर अर्धा एकर पेरला होता. पीक फुलावर आले, मी निश्चिंत झालो. पुढे पाहतो तर निम्मे घाटे पोकळ.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली याचा उलगडा छापला. ही अळी पक्की आहे. तिच्या पोटात नाना तऱ्हेचे अडकित्ते. काही खड्याने अडतात, काही चालूच राहतात. इतकेच नव्हे, हरभऱ्याचा तो खडाच ती कातरून टाकते! मात्र १९९९ साली पुण्यातच असेही दिसले, की भुईमूग, चौधारी घेवडा, बटाटा यांची अशी प्रथिने तिला जास्त बाधतात. त्या झाडांवर ती एरवी फारशी पोसत नाही, म्हणून तिला त्यांची सवय नसावी.

पण आपल्या शेतात हरभराच आहे. तेव्हा फुलोरा दिसताच रोज ओळीत बसून पाने, कळ्या उलटून पाहा. अळी लहान आहे तोवरच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करा. घाट्यात तोंड खुपसलेल्या मोठ्या अळीवर तो फारसा चालत नाही. मी फवारा घेऊन निघालो तेव्हा अळ्या बोटाएवढ्या झाल्या होत्या.