सागारांचे कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभात केलेले भाषण)



गेल्या पन्नास वर्षांतील आपल्या ट्रस्टच्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मी कापडाचा एक साधा व्यापारी. ताळेबंद हाती आला की माझी दृष्टी प्रथम देण्याच्या बाजूकडे जाते. म्हणून आज एका राहून गेलेल्या देण्याविषयी बोलण्याची अनुज्ञा मागतो.

प्रारंभ स्वतःच्या चुकीपासून करतो. दरवर्षी थंडीत मी ब्लँकेटवाटप करीत असे. घाऊक भावाने गठ्ठा आणायचा, सायंकाळी वाटायचा, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र! आणि त्याच थंडीत, दुकानाच्या पायरीवर कोणी झोपू नये म्हणून दुकान वाढविताना मी नोकराकरवी पायऱ्यांवर पाणी ओतवीत असे. एके सकाळी पायरीशी कुडकुडत बसलेल्या एका वृद्धाला मी जरा दरडावूनच विचारले, "परवा दिलेलं ब्लँकेट कुठं गेलं?" तो शांतपणे म्हणाला, "मालक, दिवसा ते ठेवू कुठं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला घर नाही त्याला केवळ छप्पर नसते असे नव्हे. त्याला वस्तू ठेवायला जागा नसते आणि कागदावर लिहायला पत्ताही नसतो. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका मिळताना अडचण, ओळखपत्र नाही म्हणून काम मिळताना अडचण. दिलेले ब्लँकेट चार दिवसांत नाहीसे होते, यात त्याचा दोष कोणता?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईचे पाणी आपल्या सांगलीच्या पेठांत शिरले, हे आपणांस सांगावयास नको. माझ्या दुकानातील ठाणे पाण्यात गेली आणि आम्ही सहकुटुंब एका मंगल कार्यालयात आश्रयास राहिलो. तेथे कोणी आमची जात विचारली नाही की रहिवासाचा दाखला मागितला नाही. सतरंजी मिळाली, गरम आमटी-भात मिळाला. तरीही रात्री डोळा लागत नसे. पूर ओसरला, आम्ही घरी परतलो. ज्यांचा पूर कधी ओसरतच नाही, त्यांचे काय?

आपल्या धर्मात गृहस्थाला सागार म्हणतात आणि मुनींना अनगार, म्हणजे ज्यांना घर नाही असे. मुनींनी घर स्वेच्छेने त्यागलेले असते. त्यांचा चातुर्मास ठरला की वसतिकेची व्यवस्था आपण किती भक्तीने करतो! आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीने आवासाचेही दान सांगितले आहे. ते मुख्यतः पात्रदान आहे, हे मी जाणतो. परंतु ज्याचे घर परिस्थितीने हिरावून घेतले, त्याच्यासाठी करुणादानाचे द्वार शास्त्राने कोठेही बंद केलेले नाही.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांतून दर लाख लोकसंख्येमागे बारमाही चालणारा एक निवारा असावा, असे निर्देश दिले. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर होती. हिशेब आपणच करावा. मिरज तर रेल्वेचे जंक्शन आणि रुग्णालयांचे गाव. तेथे फलाटाच्या आसपास आणि रुग्णालयांच्या भिंतींकडेला किती जण रात्र काढतात, ते एकदा जाऊन पाहावे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने हिशेबाच्या भाषेत सांगतो. आपल्या समाजाला भांडवली खर्च आवडतो, महसुली खर्च आवडत नाही. इमारतीला देणगी मिळते, कारण तिच्यावर फलक लागतो. पूजेच्या सवालाला मोठ्या रकमा बोलल्या जातात. परंतु रात्रीच्या रखवालदाराचा पगार, विजेचे बिल, साबण, चादरींची धुलाई यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. निवारे बंद पडतात ते मात्र नेमके याच खर्चावाचून. तीनशे कुटुंबांनी रोज दहा रुपये बाजूला ठेवले, तरी महिन्याला नव्वद हजार होतात. कर्मवीर भाऊराव पाटील याच परिसरातील कुंभोजचे. त्यांचे वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आपणांस दागिने मागत नाही. दहा रुपयांचे सातत्य मागतो.

आणि केवळ पैसा पुरेसा नाही. तरुणांनी आठवड्यातील एक रात्र द्यावी. सेवानिवृत्तांनी ओळखपत्रांचे अर्ज भरून द्यावेत. भगिनींनी आजाऱ्यासोबत सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे. भ्रमिष्ट होऊन फिरणारेही उपचारांनी सुधारतात आणि आपल्या घराचा पत्ता सांगू शकतात. डॉ. भरत वाटवानी यांनी कर्जत येथील संस्थेतून अशा हजारोंना स्वगृही पोहोचविले. २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना याच कार्यासाठी मिळाला.

माझ्या पायरीवर आता पाणी ओतले जात नाही. दुकानाच्या आत एक कपाट आहे, त्यात सकाळी काही ब्लँकेटे घडी करून ठेवली जातात आणि रात्री ज्याची त्याला परत मिळतात. तो वृद्ध मात्र त्यानंतर पुन्हा दिसला नाही. त्याचे देणे माझ्या खाती तसेच राहिले आहे. ते फेडण्यास आपण हातभार लावावा, एवढीच नम्र विनंती.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास उत्तम क्षमा. जय जिनेंद्र!