आधी खांब, मग पट्ट्या



पावसाळा सरला की गावोगाव कुंपणांची डागडुजी निघते. परसात वांगी-मिरची लावायची असते, गुरं मोकाट सुटलेली असतात आणि दारात उभा असलेला सुतार विचारतो, "लाकूड कुठलं घेऊ?" आपण लगेच पट्ट्यांचं बोलू लागतो, कारण नजरेत भरतात त्या पट्ट्या. पण कुंपण आडवं होतं ते खांबापायी. तेव्हा आज बोलू ते खांबाविषयी.

डुगडुगणारा एखादा जुना खांब उपटून पाहा. वरचा भाग ठणठणीत असतो. खोल गाडलेलं टोकही पुष्कळदा बरं निघतं. मातीलगतचा वीतभर भाग मात्र इतका भुसभुशीत झालेला असतो, की पेचकस नुसता टेकवला तरी आत जातो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. वर हवा आहे, पण तिथे लाकूड वाळतं. खोलवर ओल आहे, पण हवा कमी. जमिनीलगत मात्र दोन्हींची सोय होते. वाळवीही तिथूनच शिरते.

देहरादूनची वन संशोधन संस्था लाकडाची परीक्षा घेते तीही याच जागी. लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरून ठेवायचे आणि किती महिने तग धरतात ते पाहायचं. 120 महिने किंवा त्याहून अधिक टिकलं तर पहिला वर्ग, 60 ते 120 महिने दुसरा, त्याखाली तिसरा. साग आणि खैर पहिल्या वर्गात बसतात, आंबा आणि सावर तिसऱ्या.

यात एक मेख आहे. हा मान मिळतो तो झाडाच्या गाभ्याला. वखारीत सागाची बल्ली दाखवली, तर तिचं कापलेलं तोंड आधी पाहा. मधे तपकिरी गाभा दिसेल आणि भोवती पांढुरकी कड. कोवळ्या, बारीक बल्लीत कडच जास्त असते, आणि ती सागाची आहे म्हणून वाळवी तिला सोडत नाही. अशा नव्या बल्लीपेक्षा मोडलेल्या जुन्या घराचा गाभ्याचा वासा केव्हाही चांगला. स्वतःच्या जमिनीतला साग, खैर, ऐन किंवा किंजळ तोडणार असाल, तर महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हे विसरू नका.

आता बांबू. स्वस्त, सरळ, हाताळायला हलका. पण प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर एक ते तीन वर्षांत कुजतो. त्यात पिठूळ अंश असतो आणि भुंगा येतो तो त्यासाठीच. म्हणून जाणती माणसं कोवळा कोंब घेत नाहीत. पक्का बांबू तोडून वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवतात आणि सावलीत वाळवतात. असा बांबू आडव्या काठ्यांना वापरा, रोवायला नको.

औषध लावलेलं लाकूडही बाजारात मिळतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं द्रावण लाकडात मुरवण्याची पद्धत सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने 1933 मध्ये देहरादूनलाच शोधली. पुढे जगभरची कुंपणं तिच्यावर उभी राहिली. आर्सेनिकमुळे अमेरिकेत घरगुती वापरातून ती 2003 च्या अखेरीस मागे घेतली गेली. म्हणून असं लाकूड घेतलंत, तर त्याचे तुकडे चुलीत घालू नका. बोरॅक्सचं द्रावण तुलनेने सौम्य, पण ते पावसात धुऊन जातं. उघड्यावरच्या खांबाला त्याचा उपयोग नाही.

खांब रोवताना चार गोष्टी सांभाळा. चार फूट उंच कुंपणाला दीड-दोन फूट खांब जमिनीत हवा. खड्ड्याच्या तळाशी खडी घाला, म्हणजे पाणी निचरेल. काँक्रीटमध्ये खांब नुसता जखडू नका. लाकूड आकसलं की फट पडते आणि फटीत पाणी साचतं. जमत असेल तर काँक्रीटमध्ये लोखंडी पट्टी बसवा आणि खांब तिला जमिनीपासून दोन-तीन बोटं वर बोल्ट करा. खांबाचा माथा तिरका छाटा. खिळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या. ओल्या लाकडाला रंग मात्र देऊ नका, ओल आतच कोंडते.

एवढं करून खर्च वाचवायचा तो पट्ट्यांत. त्या मातीपासून वर असतात, पावसात भिजल्या तरी उन्हात वाळतात. एखादी कुजलीच तर दोन खिळे काढून बदलता येते. तिथे हलकं लाकूड चालेल.

आणि जागा मोठी, खिसा लहान असेल, तर मेलेला खांब घ्यायचाच कशाला? पांगारा, गिरिपुष्प, शेवगा यांच्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर रोवल्या तर मुळं धरतात. पहिलं वर्षभर कुंपणाचा भार त्यांच्यावर टाकू नका, आणि पुढे दरवर्षी छाटणी करा. गिरिपुष्पाचा पाला खताला होतो, शेवग्याच्या शेंगा आमटीत जातात. वखारीत गाठ न पडणारा असा खांब बांधावरच उभा असेल, तर यंदा पावसाआधी फांद्या तोडून ठेवा.